इंजिन बदललेल्या पद्मिनीला पुढे कोणती स्प्रिंग? आधी वजन, मग वायर

प्रश्न थोडक्यात असा. १९७९ची प्रीमियर पद्मिनी आहे. मूळ १०८९ सीसीचे इंजिन उतरवून प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीतले निसान ए१२ बसवले, त्याच कामात एसी आणि मोठा रेडिएटरही घातला. तेव्हापासून गाडी पुढून इंचभर बसली आहे. मेकॅनिकचे म्हणणे, "टॅक्सीवाली हेवी स्प्रिंग टाकू, वायर एक मिलिमीटर जाड आहे, नाक वर येईल." टाकावी का?

नाक वर येईल, यात शंका नाही. हवे त्यापेक्षा बरेच जास्त येईल, आणि मग ते खाली आणायला कोणीतरी ग्राइंडर घेऊन स्प्रिंगचा एक वेढा कापेल. तेवढ्यात पद्मिनीची मऊ चाल गेलेली असेल. म्हणून टाकू नका, निदान आत्ता तरी नको. आधी हा इंच आला कुठून ते शोधू.

इंजिन बदलले की लोक स्प्रिंगचा विचार ताकदीवरून करतात. "आता बावन्न हॉर्सपॉवर झाली, स्प्रिंग पण तगडी पाहिजे." स्प्रिंगला हॉर्सपॉवर कळत नाही. तिला फक्त डोक्यावरचे वजन कळते. आणि तुमच्या अदलाबदलीत इंजिनाचे वजन फारसे वाढलेलेच नाही. फियाटचे जुने इंजिन काय नि निसानचे ए१२ काय, दोन्हींचा ब्लॉक बिडाचा, हेड अ‍ॅल्युमिनियमचे, दोन्ही पुशरॉडवाली, ११०० ते १२०० सीसीची. ए१२ त्या काळातल्या हलक्या इंजिनांत मोडते. त्याच्यामुळे गाडी इंचभर बसणार नाही.

हे नुसते म्हणून सोडण्यापेक्षा हिशेब मांडून दाखवतो. खालचे आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमच्या गाडीचे मोजून घ्या आणि त्यांच्या जागी घाला, रीत तीच राहते.

पुढच्या अ‍ॅक्सलवर ४७० किलो आहेत असे धरू, म्हणजे एका चाकावर २३५. त्यातले चाक, ड्रम, हब आणि आर्मचा (चाक धरणाऱ्या दांड्याचा) काही भाग असे ३० किलो स्प्रिंगच्या खालच्या बाजूला असतात, त्यांचा भार स्प्रिंगवर येत नाही. उरले २०५. आता पद्मिनीला पुढे वर-खाली दोन विशबोन, म्हणजे त्रिकोणी आर्म, आहेत, आणि अशा रचनेत स्प्रिंग चाकाच्या डोक्यावर नसते, आर्मवर आतल्या बाजूला बसते. चाक १० मिमी वर गेले तर स्प्रिंग ६ मिमीच दबते असे समजू, गुणोत्तर ०.६. तरफेचा नियम उलटाही लागतो: चाकावरचे २०५ किलो स्प्रिंगपाशी २०५ भागिले ०.६, म्हणजे ३४२ किलो होतात. स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला ३.३ किलो असेल, तर चाकापाशी तो ३.३ गुणिले ०.६ गुणिले ०.६, म्हणजे साधारण १.१९ किलो भरतो. ०.६ दोनदा का? एकदा अंतर घटते म्हणून आणि एकदा जोर घटतो म्हणून. हा वर्ग विसरला की पुढचा सगळा हिशेब वाया जातो, आणि नवख्यांच्या हातून नेमका हाच विसरतो.

आता तुमचा इंच घ्या. चाकापाशी २५.४ मिमी बसायला २५.४ गुणिले १.१९, म्हणजे एका चाकावर ३० किलो लागतात. दोन्ही मिळून पुढच्या अ‍ॅक्सलवर ६० किलो. गाडीत ६० किलो कुठे वाढले? एसीचा कॉम्प्रेसर, त्याचा लोखंडी ब्रॅकेट, कंडेन्सर, पंखा, पाइप, मोठा रेडिएटर आणि त्यातले पाणी, असे सगळे मिळून पंचवीस-तीस किलो धरता येतील. कंडेन्सर आणि रेडिएटर अ‍ॅक्सलच्याही पुढे लटकतात, त्यामुळे त्यांचा भार वजनापेक्षा थोडा जास्तच पडतो. २३४० मिमीच्या व्हीलबेसवर अ‍ॅक्सलच्या ५०० मिमी पुढे ठेवलेले १२ किलो पुढच्या चाकांना साडेचौदा वाटतात, कारण ते मागचे टोक उचलू पाहतात. तरी सगळे धरून ३० किलो. त्याने अर्धा इंच बसेल. उरलेला अर्धा इंच कुठला?

तो वयाचा आहे. स्प्रिंग चाळीस-पंचेचाळीस वर्षे दबलेली आहे, ती बसली. इंजिन काढल्यावर पुढचा भाग मोकळा झाला, आर्म खाली लटकले, नवे इंजिन चढल्यावर गाडी परत खाली आली, आणि तुम्ही पहिल्यांदाच तिच्याकडे टेप घेऊन पाहिलेत. अशा गाड्यांत "इंजिन बदलल्यामुळे बसली" ही तक्रार निम्मी तरी आधीपासूनच बसलेल्या गाडीची असते.

दुसरा संशयित रबरी बुश, म्हणजे आर्मच्या सांध्यातले रबर. इंजिनाच्या कामात लोअर आर्म सोडला असेल आणि गाडी घोड्यांवर (स्टँडवर) असताना, चाके लटकत असतानाच त्याचे बोल्ट आवळले असतील, तर गाडी जमिनीवर आली की बुश कायमचे पिळलेले राहतात. रबर स्वतःच छोट्या स्प्रिंगसारखे काम करते, आणि पिळलेले रबर लवकर फाटते. असे आवळल्यावर गाडी सुरुवातीला उंच दिसते, मग रबर हरले की बसते. बोल्ट नेहमी गाडी चाकांवर, स्वतःच्या वजनाने उभी असताना शेवटचे आवळायचे. तुमच्या मेकॅनिकला एवढे एकच विचारा.

बसलेल्या स्प्रिंगबद्दल एक गैरसमज इथेच काढून टाकतो. स्प्रिंग बसली म्हणजे मऊ झाली असे नाही. कडकपणा चार गोष्टींवर ठरतो: पोलाद, वायरची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणारे वेढे (टोकांचे टेकलेले सोडून). बसल्याने यातले काहीच बदलत नाही, फक्त मोकळी लांबी कमी होते. म्हणजे तुमची जुनी स्प्रिंग उंचीला कमी पडत असेल, पण कडकपणाला बहुतेक ठीक असेल. गंजाची गोष्ट मात्र वेगळी. कडकपणा वायरच्या जाडीच्या चौथ्या घातात बदलतो. मुंबईच्या खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या चिखलात १२.५ मिमीची वायर १२.१ झाली, तर बारा टक्के कडकपणा गेला, शिवाय गंजाच्या खड्ड्यातून तडा जायची भीती. वायर ब्रशने स्वच्छ करून व्हर्नियर लावा. खड्डे दिसले की ती स्प्रिंग भंगारात.

त्याच चौथ्या घातामुळे मेकॅनिकची "एकच मिलिमीटर जाड" वायर कुठे जाते ते पाहा. मूळ स्प्रिंग १२.५ मिमी वायर, वेढ्याचा मधला व्यास १०० मिमी, साडेसात काम करणारे वेढे अशी असेल तर तिचा कडकपणा बरोबर ३.३ येतो. वायर १३.५ केली की तो ३६ टक्क्यांनी वाढून ४.४९ होतो. एसी धरून नवा भार चाकापाशी २२०, स्प्रिंगपाशी ३६७ किलो. नवीन असताना मूळ स्प्रिंग चाकापाशी २०५ किलोच्या भाराखाली १०३-१०४ मिमी दबायची. ही जाड स्प्रिंग जास्त भार असूनही ८२च दबेल. मोकळी लांबी तेवढीच असेल तर स्प्रिंगपाशी २२ मिमी आणि चाकापाशी ३६ मिमी उंची जास्त. कारखान्यातून निघाली त्याहून दीड इंच वर. एसी लावलेला असताना!

मग कापाकापी. साडेसातातला एक वेढा कापला की कडकपणा आणखी पंधरा टक्के चढतो, कारण कमी वेढ्यांना तेच काम करावे लागते. गॅसने तापवून बसवणारे तर त्याहून पुढचे. तापवलेल्या जागी पोलादाला पाणी देऊन आणलेली ताकद जाते आणि स्प्रिंग तिथेच बसत किंवा तुटत राहते. वेढ्यांच्या मध्ये दाबून बसवायचे रबरी किंवा सिलिकॉनचे बफर मिळतात, तेही इथे नकोत. ते एक वेढा जाम करतात, म्हणजे कापल्याइतकाच कडकपणा वाढतो, आणि वर चिखल धरून ठेवतात.

कडकपणा नेमका किती हवा, हे ठरवायला वारंवारता हे माप सोपे आहे: गाडीचे नाक सेकंदाला किती वेळा वर-खाली झुलेल. ते काढायची युक्ती अशी. स्प्रिंगवरच्या भाराखाली चाक किती मिलिमीटर दबते ते काढा (वरच्या उदाहरणात २०५ भागिले १.१९, म्हणजे साधारण १७२), त्याचे वर्गमूळ घ्या आणि १५.८ला त्याने भागा. उत्तर १.२. त्या काळच्या चारचाकी कुटुंबी गाडीला पुढे १.१ ते १.३ चांगले. वर सांगितलेल्या जाड स्प्रिंगने ते १.३५ होते आणि वेढा कापल्यावर १.४५.

तेवढ्याने काय बिघडते, असे वाटेल. मागचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आठवा. १९३०च्या दशकात जनरल मोटर्समध्ये काम करणाऱ्या मॉरिस ऑली या इंजिनिअरने दाखवून दिले की पुढची झुलण्याची गती मागच्यापेक्षा थोडी कमी ठेवली तर गाडी सपाट चालते. खड्डा आधी पुढच्या चाकांना लागतो, मग मागच्यांना. मागचा भाग जरा वेगाने झुलला तर तो पुढच्याला गाठतो आणि दोन्ही एकत्र वर-खाली होतात. पुढचा भाग कडक केला की क्रम उलटतो आणि गाडी नाक-शेपटी हलवत चालते. काँक्रीटच्या हायवेवर एकसारख्या अंतरावरच्या सांध्यांवरून जाताना हे इतके जाणवते की मागे बसलेल्यांना मळमळते. लोक मग शॉकअपना दोष देतात. शिवाय पुढचा कडकपणा वळणावर पुढच्या टायरांवर जास्त भार टाकतो, गाडी बाहेर सरकू पाहते आणि आधीच जड असलेले स्टिअरिंग आणखी मुकाट होते. गाडी कलते म्हणून स्प्रिंग कडक करायची असेल तर तेही नको. ते काम अँटिरोल बारचे, म्हणजे गाडी कलू न देणाऱ्या आडव्या सळईचे. त्याचे बुश आणि लिंक आधी पाहा.

तर उंची आणि कडकपणा हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दुकानदार त्यांना एकाच उत्तरात गुंडाळतो. तुमच्या गाडीचे सुटे सुटे पाहू. भार एका चाकामागे १५ किलोने वाढला. मूळच्याच कडकपणाची नवी स्प्रिंग ठेवली तर वारंवारता १.२वरून जेमतेम १.१६वर येईल. हा फरक बसल्या जागी कळणारही नाही. उंची तेवढी साडेबारा मिमीने कमी होईल, म्हणजे स्प्रिंगपाशी साडेसात. ती अडीच सुताच्या (सुमारे आठ मिमी) पॅकिंगने भरून निघते. चाल अगदी पूर्वीसारखी हवी असेल तर कडकपणा सात टक्के वाढवा, ३.५४ करा. गंमत अशी की भार आणि कडकपणा एकाच प्रमाणात वाढवले की दबण्याचे अंतर तेवढेच राहते, त्यामुळे मोकळी लांबीही मूळ स्प्रिंग नवी असताना होती तेवढीच लागते. पॅकिंगची गरज नाही. आणि सात टक्क्यांना वायर किती जाड हवी? १२.५ऐवजी १२.७. अर्धा इंच. चार सूत! एक मिलिमीटर नव्हे, त्याचा पाचवा हिस्सा. १२.७ची वायर मिळाली नाही तर १३ मिमीची घ्या आणि काम करणारे वेढे साडेसाताऐवजी सव्वाआठच्या आसपास करा, कडकपणा तोच येतो.

माझे मत विचाराल तर तुमच्या गाडीला मी हाच दुसरा मार्ग घेईन: सात टक्के जास्त, लांबी मूळची. आधीच बसलेल्या जुन्या स्प्रिंगवर पॅकिंग हा तात्पुरता उपाय.

हे झाले जड होणाऱ्या गाडीचे. पण पद्मिनीत आजकाल जिप्सीचे १३०० सीसी सुझुकी इंजिन घालणारेही बरेच आहेत, आणि तिथे हिशेब उलटा फिरतो. त्याचा ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा. पुढून ३२ किलो कमी झाले तर गाडी साडेतेरा मिमी वर उठते. ताकद वाढली म्हणून त्यात हेवी स्प्रिंग टाकली की नाक आकाशात जाते, आर्म खाली झुकलेल्या कोनात काम करतात, कॅम्बर (चाकाचा उभा कल) बिघडतो, आणि गतिरोधकावरून उतरताना शॉकअप पूर्ण लांबून 'खट्' आवाज येतो. अशा गाडीला सात-आठ टक्के मऊ स्प्रिंग लागते. दुकानात ती मागितली तर लोक वेड्यात काढतात, तरी मागा. डिझेल घालणाऱ्यांना खरोखर जड स्प्रिंग लागते, कंपनीनेही पद्मिनीची १३७ डी ही डिझेल आवृत्ती काढली होती. पण तिथेही आधी वजन. डिकीत सीएनजीची टाकी असेल तर ती मागच्या अ‍ॅक्सलपाशी किंवा त्याच्याही मागे बसते. मागचे पाटे बसतात आणि नाक आहे त्याहून वर दिसते. ते डोक्यात ठेवून मापे घ्या.

मोजायचे कसे? मोठ्या वजनकाट्यावर फक्त पुढची चाके चढवली तरी अ‍ॅक्सलचा आकडा मिळतो, पण ट्रकचा काटा पाच-दहा किलोंच्या पायरीने दाखवतो. त्यापेक्षा भंगारवाल्याकडचे ५०० किलोचे दोन प्लॅटफॉर्म काटे तासाभरासाठी मागा, पुढच्या चाकांखाली एकेक ठेवा आणि मागच्या चाकांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या द्या, नाहीतर गाडी तिरकी राहून आकडे चुकतील. पाणी, ऑइल, बॅटरी सगळे जागेवर, पेट्रोल अर्धी टाकी, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस किंवा वाळूची पोती. गुणोत्तरासाठी स्प्रिंग काढून टाकायची, जॅकने चाक २५ मिमी वर आणि २५ मिमी खाली न्यायचे आणि स्प्रिंगच्या दोन बैठकींमधले अंतर किती बदलले ते पाहायचे. उंची जमिनीपासून घेऊ नका, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत घ्या. टायर बदलले असतील तर जमिनीवरचा आकडा फसवतो.

स्प्रिंग काढताना एक सांगतो, हात जोडून. दबलेल्या त्या स्प्रिंगमध्ये, चाके जमिनीवर असताना, १८ किलोचा दगड मीटरभर उंचीवरून पडावा एवढी ऊर्जा कोंडलेली असते. लोअर आर्मखाली जॅक, स्प्रिंगला दाबून धरणारा स्प्रिंग कॉम्प्रेसर, वेढ्यांतून साखळी ओवून चासिसला अडकवलेली, आणि तोंड तिच्या रेषेत कधीही नाही. "आपण नेहमी पहारीनेच काढतो" म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढा.

नवी स्प्रिंग कुठून? पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाऊसच्या बाजारात पद्मिनीच्या म्हणून मिळणाऱ्या स्प्रिंगा आजही दिसतात, पण मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३मध्ये उतरल्यापासून माल कोणत्या बॅचचा येईल ते सांगता येत नाही. घ्याल तर व्हर्नियर लावून घ्या, आणि दोन्ही एकाच जोडीतल्या. मी ड्रॉइंगवरून वळून घेण्याच्या बाजूचा आहे. एमआयडीसीतल्या छोट्या स्प्रिंगवाल्याला वायरची जाडी, आतला व्यास, एकूण आणि काम करणारे वेढे, टोके कशी घासायची, वळण डावे की उजवे हे सगळे लिहून द्या. त्याहून महत्त्वाचे, "अमुक लांबीला दाबल्यावर ३६७ किलो, तीन टक्के इकडेतिकडे" ही ओळ लिहा. मोकळी लांबी जुळून भार चुकू शकतो, भार जुळला की गाडी बरोबर उंचीवर बसते. पोलाद ईएन ४५ चालते, ईएन ४७ जास्त चांगले. शॉट पीनिंग (बारीक छऱ्यांचा मारा) करून घ्या आणि पूर्ण बंद होईपर्यंत तीनदा दाबून मगच मापे द्यायला सांगा. ते न केलेली स्प्रिंग पहिल्याच पावसाळ्यात बसते. वेढे वाढवले असतील तर सगळे वेढे टेकल्यावर उरणारी लांबी तपासा. १३ मिमीच्या स्प्रिंगमध्ये ती १२६च्या आसपास येईल, आणि चाक बम्प स्टॉपवर (चाकाची वर जायची हद्द ठरवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) टेकते तेव्हा स्प्रिंगला त्याहून पुरेशी जास्त जागा उरली पाहिजे. आधी बम्प स्टॉप लागावा, वेढे नव्हेत.

शॉकअप जुनेच चालतील, जर ते चांगले असतील. सात टक्क्यांना वेगळे लागत नाहीत. गॅसचे घातले तर ते स्वतः गाडी चार-दोन मिमी उचलतात, तेवढे धरून चला.

कागदांचेही पाहा. इंजिन बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे आरटीओची परवानगी लागते, आरसीवर नोंद हवी आणि विमा कंपनीला कळवलेले हवे. तुमची गाडी १९७९ची, म्हणजे २०२९मध्ये पन्नाशी पूर्ण. तेव्हा २०२१च्या नियमांखाली व्हिंटेजची 'व्हीए' नंबरप्लेट घ्यायचा विचार असेल, तर तिथे गाडी मूळ रूपात लागते. मूळ इंजिन ग्रीस लावून जपून ठेवा, विकू नका.

नवी जोडी बसल्यावर तीनशे किलोमीटर चालवा, मग उंची पुन्हा मोजा आणि अलाइनमेंट त्यानंतरच करा, आधी केलेली वाया जाते. डाव्या-उजव्यात पाच मिमीपर्यंत फरक असेल तर सोडून द्या. जास्त असेल तर दोन्ही स्प्रिंगांची अदलाबदल करा. कमी उंचीची बाजू स्प्रिंगबरोबर सरकली तर स्प्रिंग नापास, वळणाऱ्याला परत द्या. न सरकता तिथेच राहिली तर समोरच्या तिरक्या कोपऱ्यातले मागचे पाटे आणि चासिसवरची स्प्रिंगची बैठक पाहा. पद्मिनीत त्या बैठकीभोवती पत्रा आतून गंजलेला सापडणे काही नवीन नाही.